एकच तालुका, चार लेखक: आमच्या वेंगुर्ला ट्रिपचं पूर्ण प्रकरण

आमच्या रत्नागिरीच्या वाचक ग्रुपने मागच्या हिवाळ्यात वेंगुर्ल्याला साहित्य सहल काढली. तेव्हापासून बरेच जण विचारतायत की कोकणात लेखकांची गावं बघायची तर कशी बघायची, आणि व्हॉट्सॲपवर दोन ओळीत ते सांगता येत नाही, म्हणून इथे सगळं सविस्तर लिहितेय. ट्रिप मस्त झाली एवढंच सांगून कुणाचाच उपयोग नाही. काय ठरवलं, का ठरवलं, कुठे गाडी अडली आणि कुठे लोक खरंच हलले हे कळलं तर पुढच्या ग्रुपला कामाला येईल.

आधी परिस्थिती सांगते. आम्ही पंधरा-सोळा जण, एक टेम्पो ट्रॅव्हलर, जोडून आलेली सुट्टी. ग्रुपमध्ये दोन निवृत्त शिक्षिका, एक पोस्टातून रिटायर झालेले तात्या (वाचन अफाट, आणि कोकणातला प्रत्येक रस्ता पाठ), तीन-चार कॉलेजची मुलं, बाकी आम्ही नोकरी-घर सांभाळून वाचणारी मंडळी, आणि दोघांचे जोडीदार ज्यांना पुस्तकात फारसा रस नाही पण ट्रिपला यायचंच होतं. असा ग्रुप सगळीकडेच असतो, त्यामुळे आमचा अनुभव बऱ्याच जणांना लागू पडेल असं वाटतं.

तात्यांचा प्लॅन मोठा होता. आधी उत्तरेला दापोली तालुक्यात पालगड, साने गुरुजींचं जन्मगाव. मग खाली येऊन मालगुंड, केशवसुतांचं. मग देवगड तालुक्यात पोंभुर्ले, म्हणजे १८३२ साली ‘दर्पण’ काढणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांचं गाव, आणि शेवटी वेंगुर्ला. नकाशावर एकदम भारी दिसत होतं, अख्खा कोकण किनारा साहित्यातून उतरत जायचा. पण हे अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास जातं, त्यात आम्ही रत्नागिरीचे, म्हणजे आधी वर चढायचं मग परत खाली, आणि हायवे सोडला की आतले रस्ते घाटाचे, वळणाचे. कागदावर मी वेळ मांडून बघितला तर प्रत्येक गावात तासभर मिळत होता, तोही चहा आणि बाथरूम धरून.

दुसरा प्लॅन आमच्यातल्या बाईंचा, एकच तालुका घ्यायचा. त्या म्हणाल्या वेंगुर्ला घेऊया, तिथे एवढी माणसं आहेत की दिवस कमी पडतील. आणि खरंच बघा ना. चिं. त्र्यं. खानोलकर म्हणजे आपले आरती प्रभू, जन्म १९३० चा, वेंगुर्ल्याजवळच्या बागलांची राई इथला. मंगेश पाडगांवकर, १९२९ चे, वेंगुर्ल्याचेच, उभादांड्याचे. जयवंत दळवींचं गाव आरवली. आणि आरवलीला लागूनच शिरोडं, जिथे वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शाळेत शिकवत होते, ज्यांना पुढे ‘ययाति’साठी ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. हे सगळं एका तालुक्यात, आणि वेंगुर्ला गावापासून शिरोडं वीस किलोमीटरच्या आतच आहे. मला तर अजूनही हे नवल वाटतं की याबद्दल आपण इतकं कमी बोलतो.

वाद बराच चालला. तात्यांचा मुद्दा साधा होता, म्हाताऱ्या माणसांना परत परत जमणार नाही, तर एकदाच सगळं दाखवा, आणि तो मुद्दा खोटा नव्हता. शेवटी निर्णय झाला तो एका प्रश्नावर. बाईंनी विचारलं की प्रत्येक गावात पोचल्यावर आपण नेमकं करणार काय? मालगुंडला उत्तर सोपं आहे, तिथे कोकण मराठी साहित्य परिषदेने केलेलं स्मारक आहे, केशवसुतांचं घर जपलेलं आहे, कविता दगडावर कोरलेल्या आहेत, माणूस आत गेला की त्याला काहीतरी मिळतंच. (आणि मालगुंड आम्हाला एका दुपारचं काम आहे, त्यासाठी सुट्टी घालवायची गरज नाही.) पण सगळ्या लेखकांचं असं नसतं. बऱ्याच ठिकाणी घर दुसऱ्याचं झालेलं असतं, कुठे नुसती जागा असते, कुठे तीही कळत नाही. मग तासाभरात एक फोटो काढून पुढे जायचं, एवढंच उरतं. यावर तात्याही गप्प झाले आणि वेंगुर्ला पक्कं झालं.

मग तयारी, आणि हीच गोष्ट लोक टाळतात. आम्ही ठरवलं की गाडीत बसण्याआधी प्रत्येकाने चारपैकी एका लेखकाचं एक तरी पुस्तक पूर्ण वाचायचं आणि त्यातलं एक पान निवडून ठेवायचं, तिथे मोठ्याने वाचायला. पुस्तकं मिळवायला थोडी खटपट झाली कारण खानोलकरांच्या जुन्या कादंबऱ्यांच्या प्रती कमी असतात, पण रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, कपाटात सापडतंच काही ना काही, आणि एकच प्रत तिघांनी फिरवून वाचली. जोडीदार मंडळींना आम्ही सक्ती केली नाही, त्यांना पाडगांवकरांच्या दोन-दोन कविता दिल्या, एवढंच.

सकाळी लवकर निघून कुडाळमार्गे दुपारी वेंगुर्ल्यात पोचलो. गाव म्हणून वेंगुर्ला जुनं आणि मानी आहे. डचांची सतराव्या शतकातली वखार अजून पडक्या अवस्थेत उभी आहे, बंदर आहे, क्रॉफर्ड मार्केट आहे, नगर वाचनालय १८७१ चं, नगरपालिका १८७६ ची. म्हणजे रेल्वे यायच्या कितीतरी आधी समुद्रातून जग इथे येत होतं, बोटीने माणसं मुंबईला जात होती आणि पुस्तकं-मासिकं घेऊन परत येत होती. एवढ्याशा तालुक्यातून एवढे लेखक का निघाले याचं एक उत्तर मला तिथेच मिळालं असं वाटतं. बंदर, शाळा आणि वाचनालय या तिन्ही गोष्टी एका गावात शंभर-दीडशे वर्षं चालू असतील तर तिथली मुलं लिहिणारच. आमच्यातल्या एकाचं म्हणणं वेगळं होतं, तो म्हणाला गरिबी आणि एकटेपणा हे जास्त मोठं कारण आहे. असेल. खानोलकरांचं आयुष्य बघितलं तर त्याचं पटतं, घरची खानावळ कुडाळला, पैशाची ओढाताण, आणि त्यातच बसून त्यांनी ती कविता लिहिली.

पहिली अडचण लगेच आली. मालगुंडची सवय असलेल्या लोकांना वाटत होतं की वेंगुर्ल्यात उतरलं की बाण दिसतील, खानोलकर इकडे, पाडगांवकर तिकडे. तसं काही नव्हतं. गूगल मॅपवर लेखकाचं नाव टाकून जागा सापडेल या भरवशावर कॉलेजची मुलं होती, ते काही झालं नाही. दुकानात विचारलं तर पहिला प्रश्न, “खंयचे खानोलकर?” आणि आरवलीत तर एका बाईंनी हसून सांगितलं, “हंय अर्धो गाव दळवी.” दोघंतिघं हिरमुसले. बाई मात्र म्हणाल्या की घर शोधायचं सोडून देऊया, पुस्तकात जी जागा आहे ती शोधूया. पुढच्या सगळ्या ट्रिपचं वळण इथे ठरलं.

कारण मग लक्षात आलं की चौघांपैकी प्रत्येकाला भेटायची पद्धत वेगळी आहे. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं आणि मी कुठे वाचलंही नव्हतं, म्हणून यावर जरा जास्त लिहिते.

दळवी म्हणजे माणसं. त्यांच्या आरवलीत निसर्गाचं वर्णन थोडं आणि तऱ्हेवाईक, भांडकुदळ, प्रेमळ माणसंच जास्त. म्हणून आरवलीत बघायचं असं काही नाही, बोलायचं आहे. वेतोबाच्या देवळात गेलो, मूर्ती पुरुषभर उंचीच्याही वर, पूर्वी फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे, आणि नवसाला केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात, कारण देव रात्री गावात फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. हे ऐकल्यावर कॉलेजचा एक मुलगा म्हणाला, आता कळलं दळवींना गोष्टी शोधायला का लागल्या नाहीत. देवळाच्या आत पुस्तक वाचणं बरं दिसलं नसतं, म्हणून बाहेर सावलीत बसलो आणि एकीने तिचं निवडलेलं पान वाचायला घेतलं.

वाचता वाचता चार-पाच गावकरी येऊन उभे राहिले. त्यातले एक म्हातारे आजोबा शेवटपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, “आमच्या चुलत आज्याक लोक सांगत, तू पुस्तकात इलंस. तेका वाचूक येय नाय. तो सगळ्यांका इचारी, बरा लिवलाहा मां?” आम्ही विचारलं, मग लोक काय सांगायचे त्यांना? ते म्हणाले, चांगलं लिहिलंय असंच सांगायचे, दुसरं काय सांगणार.

यावर आमची गाडीत प्रचंड चर्चा झाली आणि ती मला महत्त्वाची वाटते. आपण वाचताना ज्या माणसावर पोट धरून हसतो तो कुणाचातरी आजोबा आहे, आणि गावाला त्याच पुस्तकाचा अभिमानही आहे. साहित्याचा वारसा साजरा करायचा म्हणजे या दोन्ही गोष्टी एकदम धरायच्या. एक शिक्षिका म्हणाल्या लेखकाने नावं-गावं बदलायला हवीत. तात्या म्हणाले मग आज हे आजोबा आपल्याशी बोलायला आलेच नसते. माझं मत तात्यांच्या बाजूने आहे, पण एक गोष्ट तिथल्या तिथे ठरवली, ‘त्या पात्राचं घर कुठलं’ असं गावात कुणाला विचारायचं नाही. माणसाने आपणहून सांगितलं तर ऐकायचं.

खानोलकरांचं उलट. त्यांच्याकडे माणसांशी गप्पा मारून पोचता येत नाही, तिथे जागा आणि वेळ लागते. त्यांच्या एका कादंबरीचं नावच ‘कोंडुरा’, १९६६ ची, आणि कोंडुरा ही खरीखुरी जागा आहे, वेंगुर्ल्याच्या वरच्या बाजूला वायंगणीजवळ, खडकात समुद्राचं पाणी शिरतं आणि आतून घुमल्यासारखा आवाज येतो. दुपारी ओहोटीला गेलात तर एक सुंदर, शांत किनारा दिसेल आणि तुम्ही म्हणाल यात एवढं काय. भरतीला जायला हवं. आमच्यातल्या एका काकांनी जुना हिशोब सांगितला, तिथीला पाऊणने गुणायचं की भरतीची वेळ साधारण मिळते. त्या दिवशी अष्टमी होती, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती. आम्ही पाचच्या आधी पोचलो, पाणी चढत होतं, आवाज हळूहळू वाढत गेला, आणि कादंबरी वाचून आलेली मुलगी वाचायला उभी राहिली तर तिचा आवाज आम्हाला ऐकूच येईना. तिने पुस्तक मिटलं आणि म्हणाली आता वाचायची गरज नाही. तिला ज्या भीतीचा कादंबरीत कंटाळा आला होता ती भीती तिथे तिच्या अंगावर आली, हे तिचेच शब्द. ज्यांनी काही वाचलं नव्हतं ते दोघे जोडीदार मात्र पाच मिनिटांत म्हणाले, चला, अंधार पडेल. माझ्या मते या पूर्ण ट्रिपमधला सगळ्यात स्पष्ट पुरावा हाच आहे. एकच जागा, एकच वेळ, आणि वाचून आलेल्या न आलेल्यात एवढा फरक.

(सावधगिरी म्हणून सांगते, तिथले खडक ओले आणि निसरडे असतात, भरती चढत असताना खाली उतरायचं नाही, वरूनच ऐकायचं, आणि पावसाळ्यात तर नकोच.)

त्या रात्री जवळच्या एका गावात जत्रा होती आणि दशावतारी नाटक होतं. हे आमच्या प्लॅनमध्ये नव्हतं, होमस्टेच्या काकींनी जेवताना सांगितलं आणि निम्मे लोक स्वेटर घालून निघाले. आधी आडदशावतार, त्यात गणपती, सरस्वती, मग काळ्या मुखवट्याचा संकासूर, आणि मध्यरात्रीनंतर मुख्य आख्यान. संवाद लिहिलेले नसतात, कलाकार रंगमंचावर उभे राहून रचत जातात, आणि एका राजाने दुसऱ्याला शब्दात पकडलं की पुढे बसलेली म्हातारी माणसं मोठ्याने दाद देतात. मी वाचनालयांचा, शाळांचा विचार करत होते, पण ज्या गावात शेकडो लोक रात्रभर जागून नुसत्या बोलण्याची मजा घेतात तिथे भाषेचा कान तयार होणारच, आणि हे कुठल्याही स्मारकात ठेवता येत नाही. साहित्य सहल काढणाऱ्यांनी कार्तिकी पौर्णिमेनंतरचा काळ निवडावा तो यासाठीच, जत्रा तेव्हाच सुरू होतात.

दुसऱ्या दिवशी शिरोडं. खांडेकरांबद्दल आमच्या ग्रुपमध्ये उत्साह सगळ्यात कमी होता, खरं सांगते. कॉलेजच्या मुलांना भाषा जड वाटत होती, उपमा फार, ध्येयवाद फार. तिथे बाईंनी पुस्तकातलं पान वाचलंच नाही, तारखा सांगितल्या. हा बावीस वर्षांचा तरुण, सांगलीत जन्मलेला, १९२० साली या आडगावात मास्तर म्हणून येतो आणि अठरा वर्षं राहतो. त्या काळात त्याच्या कादंबऱ्या येतात, ‘उल्का’ १९३४ ची. आणि १९३० च्या मे महिन्यात याच गावात मिठाचा सत्याग्रह होतो, त्याच मिठागरांवर ज्यांच्या बाजूने आपण आत्ता चालत आलो. म्हणजे ध्येयवाद हा त्यांच्यासाठी पुस्तकी शब्द नव्हता, वर्गातल्या पोरांच्या घरची माणसं पोलिसांसमोर जात होती. मिठागरांच्या बांधावर उभं राहून हे ऐकलं तेव्हा ज्या मुलाला खांडेकर सगळ्यात जास्त खटकत होते तोच म्हणाला, मला अजूनही भाषा आवडत नाही पण आता चिडणार नाही. मला हे उत्तर फार आवडलं.

म्हणजे खांडेकरांना भेटायचं तर शाळा, मिठागर आणि सनावळी. त्यांच्या पानांमध्ये शिरोड्याची माती फारशी सापडत नाही, शिरोड्यात राहून त्यांनी कशासाठी जगावं हे लिहिलं. गंमत बघा, जे बाहेरून आले आणि राहिले त्यांनी गावाबद्दल कमी लिहिलं, आणि जे मुंबईला गेले त्या दळवी-खानोलकरांनी आयुष्यभर गावच लिहिलं.

पाडगांवकरांसाठी उभादांड्याला गेलो. भिलारला २०१७ मध्ये पुस्तकांचं गाव झालं, त्याच धर्तीवर उभादांड्याला कवितांचं गाव म्हणून सरकारने जाहीर केलंय, ही फार चांगली गोष्ट आहे आणि मनापासून वाटतं की ती टिकावी. टिकायची असेल तर गावातल्या पोरांनी तिथे कविता वाचल्या पाहिजेत, पाहुणे काय, येतील आणि जातील. आम्ही किनाऱ्यावर रापण (मासे धरायचं मोठं जाळं) ओढून झाली होती तिथे थोडं लांब बसलो, आणि इथे सगळ्यात सोपं गेलं. पाडगांवकरांची कविता कुठेही वाचा, चालते. जोडीदारांपैकी एकाने, ज्यांनी आयुष्यात कधी चारचौघांत काही वाचलं नसेल, त्यांना दिलेली कविता वाचली, मग दुसरी मागून घेतली. ज्यांना वाचनाची सवय नाही त्यांच्यासाठी सुरुवात पाडगांवकरांपासूनच करा. आम्ही ती शेवटी ठेवली होती, पहिल्या दिवशी ठेवली असती तर कोंडुऱ्याला त्या दोघांचं काही वेगळं झालं असतं का असा प्रश्न मला अजून पडतो.

खर्चाचं आणि सोयीचं थोडक्यात. एकाच होमस्टेत राहिल्याने सामान हलवायचा त्रास वाचला आणि वयस्कर लोकांना दुपारी विश्रांती मिळाली, मोठ्या प्लॅनमध्ये हे शक्यच नव्हतं. वाचनालय, शाळा यांच्या वेळा आधी फोन करून विचारा, रविवारी शाळा बंद असते हे साधं आहे पण विसरायला होतं. शाळेत जायचं तर परवानगी आधी मागा. माशाचं जेवण सांगून ठेवावं लागतं. लहान गावात टेम्पो ट्रॅव्हलर वळत नाही, गाडी हमरस्त्याला लावून चालत जायची तयारी ठेवा, आणि तसंही गाव चालतच कळतं.

तात्यांची हौस राहिली होती ती आता त्यांनीच पुढच्या ट्रिपसाठी लावून धरलीय, दापोली तालुका, पालगडला साने गुरुजी आणि मुर्डीला श्री. ना. पेंडसे. पुस्तकं वाटून झालीयत. पेंडशांची माणसं, बागा, नदी-डोंगर सगळंच एकमेकात गुंतलेलं असतं, त्यामुळे त्यांना भेटायला गप्पा लागतील की जागा, यावर तात्या आणि बाई यांचं जमत नाहीये, आणि साने गुरुजींच्या घरी मोठ्याने वाचायचं ठरलं तर रडल्याशिवाय कोण वाचू शकेल यावर तर अजून कुणाचं नाव पुढे आलेलं नाही.